न पाठवलेली नळी: सोलापुरातलं प्रिऑन आजाराचं एक प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि त्यावरून झालेली चर्चा मात्र झाली तशीच लिहितो आहे.

रुग्ण एकसष्ट वर्षांचे, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांवर जॉबर. घरी-दारी सगळे त्यांना अण्णा म्हणत, पुढे मीही म्हणू लागलो. जॅकार्ड अडलं, धोटा उडाला, बीमवरचे धागे तुटले, की अण्णांना हाक. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं डाव्या चिमटीत धरायची, अंगठ्याखालून वळसा घ्यायचा, उजव्या हाताने ओढायचं, गाठ बसली. अडतीस वर्षांच्या सवयीने त्यांना त्याकडे बघावंही लागत नसे, समोरच्याशी बोलता बोलता हात आपलं काम करून जात. २०२४ च्या दिवाळीनंतर ही गाठ बसेनाशी झाली. चिमटी धाग्याच्या शेजारी बंद व्हायची. "धागा दोन दिसतोय, अन् वाकडा पळतोय," असं ते म्हणाले. पाच आठवड्यांत दोनदा चष्मा बदलला, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

डिसेंबरात ते माझ्याकडे आले ते झोपेसाठी. त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, गप्प गप्प असतात, मधेच डोळे भरून येतात, जेवणावर मन नाही. मी नैराश्याचं औषध लिहिलं आणि चार आठवड्यांनी बोलावलं. नजरेची तक्रार कानावर आली होती, पण ती डोळ्यांच्या डॉक्टरांची म्हणून मी बाजूला ठेवली. ही माझी चूक. झोप, मन आणि नजर या तीन गोष्टी साठीच्या माणसात दोन महिन्यांत एकदम ढासळत असतील तर त्या एकाच कागदावर लिहायला हव्या होत्या.

ते घडवून आणलं त्यांच्या मुलीने. ती बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत ती अण्णांना होम मैदानावर दारूकाम बघायला घेऊन गेली होती. तिच्या फोनमधला चित्रफितीचा तुकडा जेमतेम वीस सेकंदांचा आहे. भोवतालची सगळी माणसं मान वर करून आकाशाकडे बघत आहेत, आणि अण्णा प्रत्येक आवाजाला खांद्यापासून दचकत आहेत, चालत्या मागाला कुणी धक्का द्यावा तसे. एकदा नाही, दर आवाजाला. "सर, हे घाबरणं नाहीये. त्यांना भीती वाटतच नव्हती," ती म्हणाली. तिचं निरीक्षण बरोबर होतं. मी टेबलाखाली टाळी वाजवली आणि अण्णांचा उजवा हात उडाला. चेहरा शांत.

त्यापुढचे दिवस घाईचे गेले. चाल फेंगडी झाली होती. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. एमआरआयच्या डिफ्युजन चित्रांत दोन्ही बाजूंच्या मागच्या भागात मेंदूच्या सालीला पांढरी किनार दिसत होती, इरकलीच्या काठासारखी सलग, आणि आत कॉडेट केंद्रकही उजळलेलं. पहिल्या ईईजीत काही खास नव्हतं. तीन आठवड्यांनी केलेल्या दुसऱ्या ईईजीत साधारण सेकंदाला एक अशा टोकदार लहरी ठेक्यात येत होत्या. पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या नव्हत्या, चेतापेशी मरताना त्यात उतरणारं १४-३-३ प्रथिन सापडलं. बी-१२, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस, सोडियम, ऑटोइम्यून एन्सेफलायटिसची (शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते तो आजार) प्रतिपिंडं, छाती-पोटाचा सीटी, या सगळ्यांतून बरा होणारा असा एकही आजार हाती लागला नाही. तरीही पाच दिवस स्टेरॉइडचे मोठे डोस दिले. अशा रुग्णात ऑटोइम्यून आजार असण्याची शक्यता दहात अर्धी असली तरी ती वाया घालवता येत नाही. फरक पडला नाही.

निदान: संभाव्य स्पोरॅडिक, म्हणजे आपोआप उद्भवणारा, क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, थोडक्यात सीजेडी. प्रिऑन प्रथिन बिघडून मेंदू झपाट्याने नासवणारा, बरा न होणारा आजार. सुरुवात नजरेपासून झाली म्हणून हायडनहाइन प्रकार. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तातडीने रद्द करायला लावली. ती होऊन काही उपयोग नव्हताच, शिवाय अशा रुग्णावर वापरलेली उपकरणं नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने सुरक्षित होतील असं गृहीत धरता येत नाही.

हा आजार वर्षाला दर दहा लाख लोकांत एक ते दोघांना होतो, असं जगभरचे आकडे सांगतात. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत त्रेचाळीस लाखांवर होती. म्हणजे या हिशेबाने जिल्ह्यात दरवर्षी चार ते आठ जण. माझ्या इतक्या वर्षांत मी ओळखलेले रुग्ण एका हाताच्या बोटांवर मावतील. बाकीचे कुठे जातात? कुणाला वारं गेलं म्हणतात, कुणाला वयाचा विसर, कुणाला बाहेरची बाधा. चार-सहा महिन्यांत माणूस जातो आणि शंका विचारायला कुणी उरत नाही.

घरच्यांसोबतची पहिली बैठक मला नीट आठवते. अण्णांच्या धाकट्या भावाने विचारलं, "भेजा खायचे म्हणून झालं का हो हे?" प्रश्न वेडगळ नव्हता. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये गायींच्या बीएसईतून (मॅड काऊ आजारातून) माणसात आलेला सीजेडीचा वेगळा प्रकार जाहीर झाला, तेव्हापासून हा आजार आणि मांस यांची जोडी लोकांच्या डोक्यात आहे. पण तो प्रकार वेगळा: तरुणांत दिसणारा, सावकाश चालणारा, एमआरआयमध्ये वेगळी खूण दाखवणारा. मेंढ्यांना होणारा स्क्रेपी माणसात आल्याचा पुरावा नाही. अण्णांचा आजार आपोआप सुरू झालेला होता, सुमारे पंच्याऐंशी टक्के रुग्णांत असतो तसा. आपल्या प्रत्येकाच्या चेतापेशींवर प्रिऑन प्रथिन असतं. त्याचा एखादा रेणू चुकीच्या घडीत बसतो, शेजारच्याला तीच घडी घालायला लावतो, आणि हे थांबत नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये अशा संसर्गकारक प्रथिनाला प्रिऑन हे नाव दिलं आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या कारकाला स्वतःचं डीएनए नाही, आरएनए नाही. जनुकाविना पसरणारा आजार म्हणूनच तो इतकी वर्षं कुणाला पटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुलगी एकटीच आली. हातात छापील कागद, पिवळ्या रंगाने खुणा केलेल्या.

"सर, २०२४ चं नोबेल ज्याला मिळालं, ते मायक्रोआरएनए. सीजेडीमध्ये रक्तातले मायक्रोआरएनए बदलतात असा पेपर आहे. म्हणजे रक्त तपासून कळेल ना? आणि एका लॅबच्या माणसाने सांगितलंय, न्यूरो आरएनए पॅनेल करून देतो. सकाळी रक्त घेणार, संध्याकाळी कुरिअर."

किंमत ऐकली. त्यांच्या घरातल्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. लॅबच्या माणसाने दिलेलं पत्रकही तिने दाखवलं, चकचकीत, दुहेरी सर्पिलाचं चित्र असलेलं. मायक्रोआरएनए एकपदरी असतो, ही पहिली गंमत.

मी तिला म्हटलं, पॅनेलचं नंतर बघू, आधी तू मला मायक्रोआरएनए समजावून सांग, पण असं की काकूंनाही कळेल. काकू शेजारीच बसल्या होत्या. ती जरा थांबली, मग आईकडे वळून म्हणाली, "अगं, डिझाइन जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवर असतं ना, ते आपण कधी बदलत नाही. पण आज किती चादरी विणायच्या याची चिठ्ठी रोज ऑफिसातून येते. ही बारकी पोरं त्या चिठ्ठीला लटकतात. मग चिठ्ठी फाटते, नाहीतर मागे पडते. डिझाइन तेच राहतं, माल कमी निघतो." काकूंनी मान डोलावली. मी वर्गात इतकं नीट कधी शिकवू शकलो नाही.

शास्त्रात बसवून सांगायचं तर मायक्रोआरएनए साधारण बावीस अक्षरांचा असतो. पेशीच्या केंद्रकात ड्रोशा, बाहेर डायसर अशा दोन विकरांनी लांब धागा कापून तो तयार होतो, आर्गोनॉट प्रथिनात बसतो आणि आपल्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांच्या जोरावर मेसेंजर आरएनएच्या, म्हणजे त्या चिठ्ठीच्या, शेवटच्या भागाला चिकटतो. त्या संदेशापासून मग प्रथिन कमी बनतं. पहिला असा रेणू, लिन-४, १९९३ मध्ये एका सूक्ष्म सूत्रकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्याबद्दलच २०२४ चं नोबेल मिळालं. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर हलका हात ठेवतो, त्यामुळे एकाची पातळी बदलली की त्याचा अर्थ एका ओळीत सांगता येत नाही.

आता खरा प्रश्न. प्रिऑन आजारात या रेणूंचं काय होतं, आणि ते आजार घडवतात की आजारामुळे बदलतात?

कॅनडात विनिपेगच्या गटाने २००८ मध्ये प्रिऑन टोचलेल्या उंदरांच्या मेंदूत पंधरा मायक्रोआरएनए बदललेले दाखवले. त्यांत मिर-३४२-३पी, मिर-१४६ए, मिर-१२८, लेट-७बी यांची पातळी वाढलेली ('मिर' हे मायक्रोआरएनएचं लघुरूप). पुढच्याच वर्षी बीएसई दिलेल्या मॅकाक माकडांच्या मेंदूतही मिर-३४२-३पी वाढलेला दिसला, म्हणजे तो केवळ उंदरांचा खेळ नव्हता. यांतला मिर-१४६ए मला सर्वांत बोलका वाटतो. मेंदूतल्या राखणदार मायक्रोग्लिया पेशींमध्ये दाहाची घंटा वाजली की तोच दाह आवरायला हा रेणू तयार होतो. २०१२ मध्ये विनिपेगच्याच गटाने दाखवलं की प्रिऑन आजारात तो वाढतो आणि मायक्रोग्लियांचा जोर खाली ओढतो. म्हणजे इथे आपल्याला आगीबरोबर आगीचा बंब दिसतो आहे. आणि बंब कुठल्याही आगीला येतो: मिर-१४६ए अल्झायमरमध्येही वाढलेला सापडतो.

२०१२ मध्येच त्या गटाने आणखी एक काम केलं, आणि मुलीच्या कागदांवर त्याला सर्वांत जाड खूण होती. लेझरने हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला स्मृतीचा भाग) चेतापेशींचा नेमका थर कापून त्यांनी आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासणी केली. उंदरात लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी मिर-१३२, मिर-१२४, मिर-१६, मिर-२६ए असे रेणू वाढले. पेशी जणू स्वतःला वाचवण्याची व्यवस्था लावत होत्या. आजार पुढे सरकला तशी ही वाढ ओसरली. पूर्ण मेंदू वाटून केलेल्या मोजणीत ही सुरुवातीची धडपड दिसलीच नसती, कारण तिथे मरणाऱ्या चेतापेशी आणि वाढणाऱ्या मायक्रोग्लिया एकत्र मिसळतात. याच मिर-१६ वर २०१८ मध्ये वेगळं काम झालं: हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींत तो वाढवला तर त्यांच्या फांद्या आखूड आणि कमी होतात.

"मग अण्णांच्या रक्तात मिर-१६ वाढलेला असणार?" तिने विचारलं.

नाही. हाच तिच्या पेपरचा मुद्दा होता. लंडनच्या गटाने २०२० मध्ये स्पोरॅडिक सीजेडीच्या सत्तावन्न रुग्णांचं रक्त तपासलं. त्यात लेट-७आय-५पी, मिर-१६-५पी आणि मिर-९३-५पी कमी झालेले दिसले, आणि दुसऱ्या स्वतंत्र गटात पीसीआरने तेच पुन्हा आढळलं. उंदराच्या चेतापेशीत सुरुवातीला वाढणारा मिर-१६ माणसाच्या रक्तात आजार उघड झाल्यावर कमी. वेगळा प्राणी, वेगळी ऊती, वेगळी वेळ. लॅबच्या पत्रकात मात्र मिर-१६ समोर एकच बाण होता, वर जाणारा, आणि खाली लिहिलं होतं 'न्यूरोडिजनरेशन मार्कर'. कुठल्या ऊतीत, कुठल्या टप्प्यावर, याचा उल्लेख नाही.

लंडनचा अभ्यास मला आवडतो, कारण त्यात न जमलेली गोष्टही सरळ लिहिली आहे. एकवीस रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा घेऊन पाहिलं तेव्हा मायक्रोआरएनए घटण्याचा वेग आणि आजार वाढण्याचा वेग यांची सांगड लागली नाही. म्हणजे या आकड्यावरून 'किती दिवस' हे सांगता येत नाही. आणि काकूंना तर तेवढंच हवं होतं.

मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. "तुला या चाचणीतून कोणता निर्णय बदलायचा आहे, ते लिही." तिने लिहिलं: सीजेडी आहे की नाही.

"कशाच्या तुलनेत?"

ती गप्प. मग तिनेच पेपर उलटापालटा केला. त्यात तुलना होती निरोगी माणसांशी आणि अल्झायमरच्या रुग्णांशी, आणि अल्झायमरपासून सीजेडी वेगळा काढण्यात हा तिघांचा संच चांगला ठरला होता. पण अण्णांना अल्झायमर असेल अशी शंका आम्हा कुणालाच नव्हती. अल्झायमर तीन महिन्यांत माणसाला असा पाडत नाही. आमचा प्रतिस्पर्धी होता ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, कारण तो बरा होतो. आणि त्या आजाराच्या रुग्णांशी तुलना त्या अभ्यासात नव्हती. पॅनेलचा आकडा सीजेडीकडे झुकला असता तरी आम्ही स्टेरॉइड दिलेच असते, दुसरीकडे झुकला असता तरी दिलेच असते.

वर व्यवहाराची एक अडचण. मिर-१६ तांबड्या रक्तपेशींत भरपूर असतो. पॅनेल सीरमवर, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यावर, होणार होतं. सुई जोरात ओढली, नळी हलली, थोडं रक्त फुटलं, की पेशींतला मिर-१६ सीरममध्ये उतरतो आणि आकडा चढतो. मार्चच्या सोलापुरात दुपारी स्टँडवरून निघालेली नळी रात्रभर कुरिअरच्या गाडीत. रक्त फुटलं का हे तपासण्याची सोय आहे का, असं मी लॅबच्या माणसाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर, आमचं मशीन फॉरेनचं आहे." नळी पाठवली नाही.

एक गोष्ट मात्र केली. प्रिऑन प्रथिनाचं जनुक, पीआरएनपी, तपासून घेतलं. दहा-पंधरा टक्के रुग्णांत आजार आनुवंशिक असतो, आणि मुलीने तोंडाने विचारलं नसलं तरी तिच्या डोळ्यांत तो प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. दोष आढळला नाही. प्रथिनाच्या १२९ व्या जागी जनुकाच्या दोन्ही प्रतींनुसार मेथिओनिन हे अमिनो आम्ल, स्पोरॅडिक रुग्णांत बहुसंख्येने दिसतं तसं. निकाल सांगितला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पर्समधून पाण्याची बाटली काढून अर्धी संपवली.

पुढची भेट उपचारांवर गेली. "मायक्रोआरएनए नाही तर सायआरएनए?" हा तिचा प्रश्न अधिक पक्का होता. इथे तिचा जरासा घोळ होता आणि तो खूप जणांचा असतो. मायक्रोआरएनए ही पेशीची स्वतःची यंत्रणा. सायआरएनए त्याच यंत्रणेवर स्वार होतो, पण तो बाहेरून बनवून दिलेला आणि एकाच संदेशासाठी नेमका कापलेला. प्रिऑन आजारात नेमकं लक्ष्य ठाऊक आहे, हे या आजाराचं एकमेव भाग्य म्हणावं. ज्या उंदरांत प्रिऑन प्रथिनाचं जनुकच नाही त्यांना स्क्रेपी होत नाही, हे १९९३ पासून माहीत आहे. जिओव्हाना मालुच्ची यांच्या गटाने २००३ मध्ये संसर्ग झालेल्या उंदरांच्या चेतापेशींतलं हे प्रथिन मधेच बंद केलं आणि आजार थोपवला. २००८ मध्ये त्यांनी आरएनए-हस्तक्षेपाचा एकच डोस विषाणूवाहकातून हिप्पोकॅम्पसमध्ये दिला, तर उंदरांचं वागणं सुधारलं आणि ती अधिक जगली. म्हणजे चुकीच्या घडीच्या प्रथिनामागे धावायचं नाही, ज्यातून ते बनतं तो कच्चा माल तोडायचा. त्याच तर्काने आयओएन-७१७ हे अँटिसेन्स औषध माणसांत, पाठीच्या कण्यातून देऊन, तपासलं जाऊ लागलं आहे. ते सायआरएनए नव्हे, पण चिठ्ठी फाडण्याचं काम तेच.

"आपल्याकडे?" तिने विचारलं. भारतात त्या चाचणीचं केंद्र नव्हतं. आणि अण्णा तोवर हाक मारल्यावर डोळे फिरवण्यापलीकडे प्रतिसाद देत नव्हते. संदेश आज बंद केला तरी मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, हे तिला सांगावं लागलं नाही. लेझरने कापलेल्या त्या थराचा पेपर तिने माझ्याआधी वाचला होता.

झटक्यांसाठी क्लोनाझेपाम, पुढे व्हॅल्प्रोएट. झटके कमी झाले, घरातल्यांना झोप मिळाली. नळीने अन्न द्यायचं की नाही यावर दोन रात्री वाद झाला. काका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, म्हणत द्या, काकू म्हणत नको. शेवटी चमच्याने जेवढं जाईल तेवढं असं ठरलं. मागावरची पोरं संध्याकाळी येऊन बसत, पण दारातच. शेजारात बातमी पसरली होती की हा रोग स्पर्शाने लागतो. मी एका रविवारी जाऊन सगळ्यांसमोर अण्णांचा हात हातात घेऊन बसलो. स्पर्शाने, जेवणाने, एका खोलीत झोपल्याने हा आजार पसरत नाही. जपायचं असतं ते मेंदूच्या आणि कण्याच्या ऊतीला, त्या पाण्याला, त्यावर वापरलेल्या सुया-उपकरणांना. भाषणापेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त झाला असावा, पुढच्या आठवड्यात पोरं आत येऊन बसली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णा गेले. दिवाळीपासून मोजले तर साडेसहा महिने. शवविच्छेदनाला घरचे तयार नव्हते आणि मी आग्रह केला नाही, त्यामुळे निदान कागदोपत्री 'संभाव्य'च राहिलं.

तेराव्यानंतर काकांचा फोन आला. अण्णांची गादी, पंचे आणि अंगावरची चादर जाळायची असं भाऊबंदांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, साबण-पाण्याने धुवा, उन्हात टाका, पुरे. संध्याकाळी मुलीने फोटो पाठवला. अंगणातल्या दोरीवर ती चादर वाळत होती, निळ्यावर पांढरे मोर, एका कोपऱ्यात तुटलेल्या धाग्याला मारलेली बारीक गाठ. "ही अण्णांनीच मारलेली," तिने खाली लिहिलं होतं, "आई आजपासून पांघरणार आहे."